नववा प्रोब

मिटलेली पाचही बोटं फट्कन उघडून मॅडम म्हणायच्या, "असा ढग होतो बघ!" ठाण्यातल्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये नवा माणूस आला की पहिल्या दिवशी हेच.

आम्ही कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये लागणारे प्रोब दुरुस्त करायचो; शेवटची तपासणी मॅडमची. पेशंटला किरणोत्सारी औषध टोचतात. ते ज्या गाठीत साचतं, ती गाठ सर्जन या जाड पेनासारख्या यंत्राने शोधतो. टोकाला डाळीएवढा स्फटिक.

"किरण आत शिरला की एका इलेक्ट्रॉनला उडवतो," मॅडम सांगायच्या. "तो शेजारच्यांना धक्के देत सुटतो. क्षणात हजारोंचा ढग. व्होल्टेज त्याला ओढून घेतं, तेव्हा बीप वाजतो. पण वाटेत काही अडकतात रे. त्यांचं काय?"

ज्यांना घरी गेल्यावरही काम सोडत नाही, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एका संध्याकाळी खडवलीला घरी जाताना मॅडमनी मला कल्याणहून फोन केला.

"आजचा प्रोब किती वेळ तपासला आपण?"

"दहा मिनिटं. नेहमीसारखा."

"ऑपरेशन तासभर चालतं. मी परत येतेय."

आल्या, प्रोब चाचणीच्या किरणोत्सारी तुकड्यासमोर लावला आणि टेबल ते दार फेऱ्या घालत राहिल्या. चाळीस मिनिटांनी बीप विरळ झाले. वाटेत अडकलेल्या इलेक्ट्रॉनांचा विद्युतभार साचत गेला होता, ओढच कमी पडत होती. मॅडमनी तपासणीची वही उघडली.

"याच जातीच्या स्फटिकाचे नऊ प्रोब मी पास केलेत. कुणाची गाठ राहून गेली असेल तर?"

"एक तरी तक्रार आलीय का? गप्प बसा," दुसऱ्या दिवशी मालक म्हणाले. मॅडमनी त्यांच्यासमोरच पहिल्या हॉस्पिटलला फोन लावला. "चूक माझी आहे. प्रोब परत पाठवा."

आठवड्यात आठ आले. नववा ज्या हॉस्पिटलात होता, ते बंद पडून सामान विकलं गेलं होतं. मालकांनी मॅडमना काढून टाकलं. नवव्या प्रोबवरचा नंबर तेवढा त्या लिहून घेऊन गेल्या.

तीन महिन्यांनी डोंबिवलीच्या एका हॉस्पिटलातून सिस्टरचा फोन आला.

"तुमच्या मॅडमनी नंबर जुळवून इथला, जुन्या सामानातून घेतलेला प्रोब बंद करायला लावला. त्याने चार बायकांची ऑपरेशनं झालीत. डॉक्टरांनी चौघींना पुन्हा तपासायला बोलावलंय, तर या रोज बाहेर बाकावर येऊन बसतात. तिघी ठीक आहेत. घरी न्या ना यांना."

मी तडक गेलो. बाक रिकामा होता.

"चौथी आलीच नाही," सिस्टर म्हणाल्या. "पत्ता आम्हाला देता येत नाही. पण ती कोपरीची आहे, एवढं त्यांच्या कानावर पडलं. घरोघरी विचारते म्हणाल्या आणि गेल्या."