साहेबांची नाव आणि आमची पाळी

काल नातसून केरळच्या हाऊसबोटीचे फोटो दाखवत होती. म्हणाली, "आजी, तुम्ही कधी बसलात का हो नावेत?" बसले होते... एकदाच. आणि संतापून उतरले होते.

आता वय एकोणनव्वद, पण ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. म्हणून लिहितेय. टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

आमचं गाव गिरणाकाठी, तेव्हाच्या पूर्व खानदेशात. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. मी एकोणीस वर्षांची, गावच्या मुलींच्या शाळेत नवीन मास्तरीण.

एक बडे साहेब तेव्हा पाटाचं काम बघत. नाव सांगत नाही. ते विलायतेला जाऊन आलेले. तिथे म्हणे हौशी लोक कालव्यातून नावेने फिरतात. वाटेत दोन दरवाज्यांच्या मध्ये नाव घ्यायची, पाणी चढवायचं, उतरवायचं आणि पुढे जायचं. साहेबांच्या मनात आलं, आपल्या पाटावरही हे करून बघू!

चैत्रातला रविवार होता. साहेब आणि बाईसाहेब धुळ्याहून जीपने आले. बाईसाहेबांना सोबत हवी म्हणून मला बोलावणं आलं. मीही ठेवणीतली साडी नेसून गेले... खोटं कशाला बोलू, आनंद झाला होता.

पहिल्या जोड-दरवाज्याला तर मी टाळ्या वाजवल्या. माना खाली घालून आम्ही दरवाज्याखालून आत गेलो. मागचा दरवाजा बंद, पुढचा हळूच उचलला, पाणी उतरत गेलं आणि नाव पाळण्यासारखी खाली आली.

दुसऱ्या ठिकाणी दोन दरवाज्यांच्या मध्ये बाभळीची सावली होती. साहेब म्हणाले, "इथेच जेवू." पुढचाही बंद, मागचाही बंद. मध्ये आम्ही, पुऱ्या आणि श्रीखंड...

तेवढ्यात काठावर माणसं जमली. खालच्या शेतांतली. पहाटेपासून पाटात पाणी का नाही ते बघायला चालत आलेली. त्यांच्यात खांद्यावर फावडं घेतलेले माझे वडील, आबा होते.

त्या दिवशी आमच्या शिवाराची पाण्याची पाळी होती. पंधरा दिवसांनी आलेली, उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंतची. मला ते माहीत होतं! पण नाव तरंगावी म्हणून पहाटेपासूनच दरवाजे बंद ठेवून पाणी अडवलं असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं.

"साहेब, आज आमनी पाळी शे. बठ्ठा बाग वाट देखी राह्यनात," कुणीतरी अहिराणीत म्हणालं. सगळ्या केळीच्या बागा पाण्याची वाट बघत होत्या.

साहेबांनी पुरीचा तुकडा मोडला. "अहो, तासाभराचा प्रश्न. केळी काय आजच मरतायत?"

आबा साहेबांकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. "सुमन, तू बी बठेल शे का नावमा?" एवढंच म्हणाले.

माझ्या हातात श्रीखंडाची वाटी होती. ती खाली ठेवली आणि नावाड्याला म्हटलं, "काठाला लाव." बाईसाहेब "अगं, अगं" म्हणेपर्यंत मी उतरलेही.

दरवाज्याचं चाक फिरवायचं काम नानांचं. नाना म्हणजे पाटकरी, साठीला आलेले. साहेब नावेतून ओरडले, "चाकाला हात लावलास तर उद्यापासून घरी बस!"  नानांनी चाकाच्या साखळीचं कुलूप उघडलं, किल्ल्यांचा जुडगा तिथेच सोडला आणि मोठ्याने म्हणाले, "मी पानी पेवाले जास. तवलोंग काय व्हई, माले मालूम नही." आणि गेले, हात पाठीमागे बांधून... सगळ्यांना दिसतील असे.

मी पुढच्या दरवाज्याचं चाक धरलं. हलेना. आबांनी फावडं टाकलं आणि शेजारी हात लावला. मग आणखी चार हात आले.

पाणी धाडकन सुटलं. बघता बघता नाव चिखलात बसली. बाईसाहेब चपला हातात घेऊन काठावर आल्या, मागोमाग साहेब, पोटरीपर्यंत गाळ. मग मागचा दरवाजा उचलला. रिकामी नाव वाहत गेली आणि वळणावरच्या काटेरी झुडपात अडकली.

तरी आमच्या पाळीचा अर्धा दिवस गेला होता. सगळ्यांनी मिळून ठरवलं, आधी शेवटच्या टोकाच्या शेतांना पाणी. आमच्या निम्म्या बागेला मिळालंच नाही. तिथले केळीचे घड त्या वर्षी बारीक राहिले.

साहेबांना काहीच झालं नाही. माझी मात्र महिन्याभरात बदली... चोपड्याकडे, थेट सातपुड्याच्या पायथ्याला. नानांची नोकरी वाचली, कारण साहेबांनी विचारलेल्या प्रत्येकाने एकच सांगितलं. नाना पाणी प्यायला गेले होते.

एवढी वर्षं मला वाटायचं, माझा राग साहेबांवर आहे. तो आहेच. पण खरा डाचतो तो पहिला दरवाजा... पाणी खाली उतरताना मी टाळ्या वाजवत होते, आणि ते कुणाचं पाणी आहे हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. काठावरून आबांनी विचारलं, म्हणून मी वेळेत उतरले. त्यांचे उपकार कशानेही फिटायचे नाहीत.