इब्रीत घडवलेला राजगिऱ्याचा देव

"इब्रीला? तिथं काय आहे?" मस्कतमध्ये ज्याला सांगावं त्याचा हाच प्रश्न. लोक सुट्टीला निझवाला जातात, डोंगरावर जातात, पावसाळ्यात सलालाला जातात. आम्ही इब्रीला गेलो ते राजगिरा आणायला. तिथं बघण्यासारखंही पुष्कळ आहे हे आम्हाला गेल्यावर कळलं.

माझी लेक इरा सहावीत आहे. मदिनत सुलतान काबूस भागातल्या तिच्या शाळेत रविवारी (इथली सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते) जुन्या संस्कृतींचं प्रदर्शन होतं. बाकीच्यांना इजिप्त, रोम अशी पुठ्ठ्यातून कापता येणारी साम्राज्यं मिळाली. हिच्या वाट्याला आले अॅझ्टेक, म्हणजे स्पॅनिश लोक यायच्या आधी मेक्सिकोत तळ्याच्या मध्यावर शहर वसवून राहणारे. पिरॅमिड हवा असता तर घरात रिकामी खोकी होती. पण बाईसाहेबांना त्यांचा युद्धदेव करायचा होता, तोही ते करायचे तसाच, अॅमरँथचे दाणे गोड पाकात मळून. मी दोन सुपरमार्केटं पालथी घातली. शेवटी इराने फोनवर त्या रोपाचा फोटो दाखवला, तेव्हा सांगलीहून आमच्याकडे राहायला आलेल्या माझ्या सासूबाई म्हणाल्या, "हा तर राजगिरा. एवढं काय शोधताय?"

पण नवरात्र सुरू होतं, आणि मस्कतमधल्या समस्त गुजराती-मराठी घरांनी राजगिरा केव्हाच फस्त केला होता. आमच्या घरातला तर सासूबाईंनीच संपवला होता, कारण त्या नऊही दिवस उपास करतात. व्हॉट्सअॅपवर विचारपूस केल्यावर इब्रीच्या हमीदभाईंचं दुकान कळलं. नवऱ्याला साइटवर ड्यूटी होती. मग शुक्रवारी सकाळी मी, इरा आणि आई, म्हणजे सासूबाई, निघालो.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी सांगते. रस्ता उत्तम आहे, तीन-साडेतीन तास लागतात, आणि वेगाचे कॅमेरे जागोजागी आहेत. पेट्रोल शहरात भरून घ्या. निझवाला शुक्रवारी सकाळी बकऱ्यांचा बाजार भरतो, तो चुकवू नका. आईंनी एका बोकडाची अशी बारकाईने पाहणी केली की मालक भाव सांगायला लागला. पुढे बहलाचा मातीचा किल्ला आहे. तिथल्या टपरीवर कडक चहा मिळतो, चिल्लर नाण्यांत भागतो आणि आपल्याकडच्यापेक्षा गोड असतो.

हमीदभाई मूळचे रत्नागिरीकडचे. आम्ही आत पाऊल टाकताच त्यांनी मराठीत स्वागत केलं आणि राजगिऱ्याची अख्खी पिशवी काढून दिली.

"वैनी, हितं इब्रीत राजगिरा कोन खातंय? दोन घरं होती, त्यातलं एक सोहारला गेलं. घेवन जावा, खलास करा एकदाचा."

"देव करायचाय ह्याचा," इरा म्हणाली.

हमीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी जास्त चौकशी न करता खजुराच्या पाकाची बाटली पुढे केली. ती इथली खासियत. उसाच्या काकवीची आठवण येते, पण ही जास्त दाट असते.

मुक्कामाला स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या, हॉटेलपेक्षा स्वस्त पडतं. आमच्या अपार्टमेंटमधल्या तव्यावर आईंनी संध्याकाळी राजगिरा फोडला. फडक्याने दाणे हलवायचे, लाह्या उडाल्या की लगेच काढायच्या. इराने पाकात मळून देव उभा केला. डोक्यावर पिसं, एका हातात ढाल, दुसऱ्यात सापाची काठी. खरं सांगते, सुंदर झाला होता.

आई म्हणाल्या, "आता मला कळेल असं भाषण म्हणून दाखव."

इराचं मराठी अडखळत चालतं. "आजी, हा राजगिरा... मेक्सिकोचा. त्यांचा होली... पवित्र दाणा. आणि मिरची पण तिकडची. आणि बटाटा, शेंगदाणा, रताळं, साबुदाणा... दॅट ऑल्सो, अमेरिकेतून. शिपमधून आलं."

आईंनी हातातली बटाट्याच्या भाजीची वाटी खाली ठेवली.

"म्हणजे मी लग्न झाल्यापासून परदेशी फराळावर उपास करत आले?"

झालं! वाटी परत गेली. मी खजूर दिला, तर तो अरबांचा. दूध दिलं, तर ते डब्यातलं. रात्री नुसतं पाणी, सकाळीही नुसतं पाणी. रक्तदाबाची गोळी खाल्ल्यावर घ्यायची असते, ती तशीच राहिली. मला राग आला, मग भीती वाटायला लागली. इराचं म्हणणं एकच, "मी आजीचं जेवण तोडलं."

शनिवारी परतीच्या आधी आम्ही बात नावाच्या ठिकाणी गेलो. इब्रीपासून जवळच, उघड्या माळावर दगडाची गोल थडगी आहेत, हजारो वर्षांपूर्वीची. आम्ही गेलो तेव्हा तिकीट नव्हतं, माणूसही नव्हता. टोपी आणि पाणी न्याच. आई गाडीतच बसल्या. आम्ही परतलो तर त्यांनी डोकं मागे टेकलं होतं.

"काही नाही गं मेघा. जरा गरगरतंय."

इराने मागच्या सीटवरचा डबा उघडला. एकदा देवाकडे पाहिलं आणि त्याचा ढालीसकट हात मोडला.

"आजी, ते लोक पण देव खायचे. शेवटी. तुकडे करून, सगळे. प्रसाद."

"देवाचाच प्रसाद?"

"हो. मग स्पॅनिश आले. त्यांनी बंद केलं. म्हणाले, हे असं करायचं नाही."

आई ताठ बसल्या. "दुसऱ्याच्या प्रसादाला नाही म्हणणारे हे कोण? आण इकडे!"

हात खाल्ला. मग सापाच्या काठीसकट दुसरा हात खाल्ला, गोळी घेतली. बहलाला डावा पाय संपला आणि निझवाला उजवा. इरा अगोदर रडली, मग हसत हसत एकेक तुकडा देत राहिली. चेहऱ्यावर रंग आल्यावर आईंनी मिरचीबद्दल चौकशी केली, आणि ती मेक्सिकोहून आली असेल तर तिकडची माणसं चांगलीच असणार, असा निकाल दिला.

रविवारी प्रदर्शनात देवाचं फक्त डोकं आणि धड गेलं. हातपाय कुठे गेले, असं बाईंनी विचारलं. इरा म्हणाली की आजीने खाल्ले, आणि हे असंच करायचं असतं. मग वर्गाने उरलेला देव संपवला. ताट रिकामं घरी आलं. बक्षीस रोमला मिळालं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आई आता सांगलीला आहेत. उपासाच्या दिवशी राजगिऱ्याच्या लाडवाचा पहिला तुकडा मोडून देव्हाऱ्यात ठेवतात, "त्या इराच्या देवाला". नाव उच्चारता येत नाही, पण ठेवायला विसरत नाहीत. गेल्या एकादशीला फोनवर त्यांनी इराला विचारलं, त्याला राजगिऱ्याबरोबर आणखी काय चालतं?

इराने फोनवर हात ठेवला. "आई, त्याला माणसाचं हार्ट लागायचं. रिअल. सांगू?"

"नको," मी म्हटलं. "परत उपाशी बसतील."

इराने हात काढला आणि एका दमात, न अडखळता म्हणाली, "आजी, तू प्रेमाने देशील ते चालतं त्याला."