यादोरावांची धुरी

दवनीवाड्यात कुणाला सल्ला द्यायची उबळ आली की तो आधी यादोरावांना शोधतो. कारण यादोराव सल्ला परत करत नाहीत. दिला की घेतात, घरी नेतात आणि त्याच दिवशी अमलात आणतात. मागे त्यांचा गुडघा दुखत होता. एकानं सांगितलं, एरंडाचं पान बांधा. बांधलं. दुसरा म्हणाला, एरंड नको, रुईचं बांधा. तर दुसऱ्या गुडघ्याला रुई. तो गुडघा दुखत नव्हता, पण माणसाचा शब्द वाया जायला नको.

ते धानाच्या गिरणीत भरडाईवर आहेत. भुसा एकीकडे आणि तांदूळ एकीकडे, एवढी एकच गोष्ट त्यांना जगात वेगळी करता येते. बाकी सगळं त्यांच्या डोक्यात एकाच पोत्यात असतं. संध्याकाळी घरी आले की नात मोनू त्यांच्या मांडीवर चढते आणि कानामागचा भुसा वेचून काढते. हे काम ती दुसऱ्या कुणाला करू देत नाही. यादोरावही अंघोळ करताना कान मुद्दाम सोडून देतात, असा त्यांच्या बायकोचा, म्हणजे जमुनाबाईंचा आरोप आहे.

तर या मोनूला खाज सुटली. कोपराच्या खळग्यात आणि गुडघ्यांमागे लाल, खरखरीत चट्टे आले. दिवसा पोरगी बऱ्यापैकी खेळायची आणि झोपायची वेळ झाली की ओरबाडायला लागायची, पार रक्त येईपर्यंत. सुनेनं, दुर्गानं, तिच्या हातांना जुने मोजे बांधून पाहिले. मोनू मोजे दातांनी काढायची.

गावाला एवढी संधी पुन्हा कुठून मिळणार? पानठेल्यावरचा छोटेलाल म्हणाला, "यादोरावजी, ये पक्का बैंगन का काम है. वांगं बंद करा." वांगं बंद झालं. गिरणीतले शालीकराम म्हणाले, वांगं नाही, बेसन. बेसन बंद. मग दूध, मग अंडी, मग गूळ. आणि एकट्या पोरीला वेगळं पाडायला नको म्हणून सगळ्या घराचं बंद. यादोरावांचा मुलगा लोकेश गोंदियाला दुकानात कामाला आहे. तो तिथेच समोसे खाऊन यायचा, म्हणून घरात तेवढा एकटा टवटवीत दिसायचा.

"आता पोरीच्या ताटात भात आन् आशीर्वाद उरला," जमुनाबाई म्हणाल्या. "आशीर्वाद कोन बंद करते तेवढं पाहाचं हाय."

अखेर अनुसयाबाई आल्या. गावातल्या निम्म्या माणसांना या म्हातारीनं तान्हेपणी तेल चोळलेलं आहे, त्यामुळे ती कुणालाही उघड्या अंगावरूनच ओळखते. तिनं मोनूचे हात उलटेपालटे केले आणि निकाल दिला.

"इले धुरी कमी पडली. लहानपनी अर्धीच देल्ली तुमी."

तान्ह्या बाळाला अंघोळीनंतर ओव्याची, लसणाच्या सालींची धुरी देतात, हे कुणाला नवीन नाही. पण यादोरावांनी राहिलेला सगळा हप्ता एकदम भरायचं ठरवलं. त्यांनी माळ्यावरची गोरसी, म्हणजे विस्तवाची मातीची शेगडी, खाली उतरवली. तीत शेणाची गोवरी, गिरणीतला भुसा, वर ओवा, लसणाच्या साली आणि कडुलिंबाचा पाला. छोटेलाल म्हणाला, लोबान टाका. टाकला. शालीकराम म्हणाले, कापूर. तोही. मोनूच्या झोपायच्या खोलीत गोरसी ठेवायची, खिडकी लावायची, दार ओढून घ्यायचं आणि स्वतः अंगणात येऊन बसायचं. लोणचं मुरतं तशी खोलीत धुरी मुरली पाहिजे, असा त्यांचा हिशेब. मुरली की गोरसी बाहेर आणि नात आत.

रोज गिरणीतून येताना ते स्वतः झाडावर काठी मारून पाला पाडायचे. खाज वाढली की पाला वाढायचा. पाला वाढला की खाज वाढायची. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे एकाच पोत्यात असूनही त्यांना दिसलं नाही.

दिवाळीनंतर दुर्गा मोनूला घेऊन माहेरी, बोदलकस्याला मंडईची जत्रा पाहायला गेली. परत आली तेव्हा पोरीचे कोपर वांग्यासारखे गुळगुळीत झालेले होते. आणि तेही तिथे वांगं खाऊन. शिवाय मासे, बेसनाचे लाडू आणि दूध.

घरात आनंदीआनंद झाला. यादोरावांनी त्या खुशीत धुरीला दोन मुठी पाला जास्त घातला. आठवडा गेला नाही तोच मोनू पुन्हा ओरबाडायला लागली.

दुर्गा शांतपणे म्हणाली, "मामाजी, सांगून ठेवते. पोरगी तिकडे बरी राहते. मी तिले बोदलकस्यालेच ठेवते म्हन्ते. अंगनवाडीत नाव पन तिकडंच टाकीन."

यादोरावांचा हात कानामागे गेला. दुसऱ्या दिवशी ते लोकेशच्या मोटारसायकलवर मागे बसून बोदलकस्याला गेले आणि तिथल्या तलावाचं पाणी कॅनमध्ये भरून आणलं. मोनूला त्यानं अंघोळ घातली. फरक नाही. मग तिथले मासे आणले. खाजवता खाजवता मोनूनं ते आवडीनं खाल्ले. शेवटी ते माती आणायला निघाले तेव्हा जमुनाबाई दारात आडव्या झाल्या.

"आता तलावच आना न उचलून! मांडा अंगनात!"

तेव्हा कुठे गोंदियाची डॉक्टरीणबाई सुचली. यादोराव, दुर्गा आणि मोनू गेले. डॉक्टरीणबाई वयानं लोकेशएवढी. तिनं चट्टे पाहिले आणि म्हणाली, "हा इसब आहे. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. हिची कातडी मुळातच कोरडी आहे. कशाकशानं भडकते ते बघावं लागेल."

"एकच सांगा जी," यादोराव म्हणाले. "जे असंन ते आजच बंद करतो. बंद कराची सवय हाय आमाले."

"एकच नसतं, आजोबा. घरात धूर होतो का?"

"नाही जी! गॅस हाय. बिडी मी ओढत नाही. लोकेशबी ओढत नाही, माझ्यासमोर तरी."

"आन् धुरी?" दुर्गा म्हणाली.

"थो का धूर होय? थे औषध होय!" आणि त्यांनी अभिमानानं गोवरीपासून कापरापर्यंत सगळं सांगितलं.

डॉक्टरीणबाईचं पेन थांबलं. "खोली बंद करून?"

"मंग! उघडी ठेवली तं औषध बाहेर जाते न."

"आजोबा, धूर कडुलिंबाचा असो नाहीतर बिडीचा, या कातडीला तो त्रासच देतो. हेच कारण आहे असं मी म्हणत नाही. पण बंद करून बघा. खोलीत हवा खेळू द्या. आणि हे मलम अंघोळीनंतर लगेच लावायचं."

येताना गाडीत यादोराव हिशेब करत बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे असे दोन सल्ले होते, जे दोन गुडघ्यांना बांधता येत नव्हते. अनुसयाबाई म्हणते द्या, डॉक्टरीण म्हणते बंद करा, आणि मोनू तर एकच होती. त्यातही डॉक्टरीण धड म्हणत नव्हती की हेच कारण. मग कशाला बंद करायचं? आणि धुरीतच तर ते स्वतः वाढले. लोकेश वाढला. त्यांना का नाही झालं? काऊन?

घरी आल्यावर दुर्गानं मोनूचे कपडे पिशवीत भरायला घेतले. उद्या लोकेश दोघींना सोडून येणार होता. यादोरावांनी पिशवी पाहिली. मग गोरसी पेटवली, पाला टाकला, मोनूला अंगणात आजीजवळ बसवलं आणि या खेपेला स्वतः आत बसून दार ओढून घेतलं. धुरी लावणाऱ्या माणसानं धुरीत बसायची ही पहिलीच वेळ.

आतून एक खोकला. मग दोन शिंका. डोळे चोळत त्यांनी सवयीनं वर पाहिलं. जुन्या घरात वर कवेलू, म्हणजे कौलं होती. सांदीसांदीतून उन्हाच्या काड्या खाली यायच्या आणि त्याच वाटेनं धूर वर जायचा. इथे वर स्लॅब होता. धूर तिथवर गेला, डोकं आपटलं आणि मुकाट खाली परत आला. खिडकीला डासांसाठी त्यांनीच प्लास्टिक ठोकलं होतं. तेही पक्कं. स्वतःच्या हातचं काम.

दार उघडून ते बाहेर आले तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"काय झालं जी?" जमुनाबाई घाबरल्या.

"धूर जाऊनच नाही राहिला."

"जाईन कुठी?" दुर्गा म्हणाली. "वर स्लॅब हाय."

"पहिले जाये न."

"पहिले कवेलू होते, मामाजी. कवेलूच्या घरात आता म्हैस राहते. म्हशीले हवा आन् पोरीले धूर, असं होऊन राहिलं आपलं."

यादोरावांनी मागच्या जुन्या घराकडे पाहिलं. म्हैस तुकतुकीत होती. त्यांनी पाण्याची बादली उचलली आणि आत जाऊन गोरसीवर उपडी केली. चर्र झालं. मग पकड घेऊन खिडकीचं प्लास्टिक उचकटायला लागले.

"बरं," दुर्गा म्हणाली, "थोडे दिवस पाहू." पिशवी मात्र तिनं रिकामी केली नाही, खुंटीला टांगली.

एकाच आठवड्यात मच्छरदाणी आली, मलम सुरू झालं, खिडकी उघडी झाली, वांगं परत आलं आणि थंडी कमी झाली. मोनूचे चट्टे हळूहळू फिके पडले. पूर्ण गेले नाहीत, डाव्या गुडघ्यामागे एक अजून अधूनमधून डोकं वर काढतो. पण पोरगी झोपायला लागली. कशानं, ते देव जाणे. छोटेलाल म्हणाला, "देखा, बैंगन का असर देर से जाता है." अनुसयाबाई म्हणाल्या, धुरीचा गुण आत्ता आला, तुम्ही उगाच बंद केली. शालीकरामांनी कापराचं नाव घेतलं. यादोराव सगळ्यांना होच म्हणाले. गोरसी मात्र पुन्हा पेटवली नाही. आणि एका सकाळी खुंटीवरची पिशवी रिकामी दिसली.

मोनूचं नाव दवनीवाड्याच्याच अंगणवाडीत दाखल झालं. पहिल्या दिवशी आजोबाच तिला घेऊन गेले. बाईंनी फोटोला हार घातला, वारा नको म्हणून खिडकी लावून घेतली आणि अगरबत्तीचा पुडा फोडला. काडी ओढली एवढ्यात यादोराव मुलांच्या गर्दीतून वाट काढत पुढे आले आणि फूऽऽ करून काडी विझवली.

"काय जी, यादोराव?" बाई म्हणाल्या.

"खिडकी उघडा पहिले."

"काऊन?"

यादोरावांनी कान खाजवला. कानामागे भुसा होता. मोनूनं तो काढायला हात वर केला होता.

"काऊन थे मालूम नाही जी," ते म्हणाले. "पन उघडा."