मागची बाल्कनी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असता, तर तुमच्यापुढेही मी चांगल्या आईचाच आव आणला असता. त्यात मी तरबेज आहे.

आम्ही मयूर विहारच्या नव्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा सगळी दिल्ली काही ना काही विकत घेत सुटली होती. कुणाकडे केबल, कुणाच्या दारात मारुती. आम्ही दोघंही सरकारी नोकरीत. सकाळी चार्टर्ड बसने जायचं, संध्याकाळी परत. आमची मुक्ता तेव्हा पहिलीत. शाळा सुटली की ती खालच्या मजल्यावर बत्रा आंटींकडे थांबायची. आंटींची स्वतःची दोन मुलं होती. त्या नाही म्हणाल्या असत्या तर माझी नोकरी सुटली असती, आणि नागपूरला सासूबाई त्याच दिवसाची वाट बघत बसल्या होत्या.

बघा — लागले मी कारणं द्यायला! या सवयीची मला किळस येते.

मे महिन्याची सुरुवात होती. ऑफिसातले एक साहेब वारले म्हणून दुपारीच सुट्टी झाली. मुक्ताला चकित करावं म्हणून मी मागच्या बाजूने, पार्कातून आले. सहज वर पाहिलं. बत्रांच्या मागच्या बाल्कनीत मुक्ता उभी होती. दार आतून बंद. पायात काही नाही. फरशी तापलेली असणार, कारण ती एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभी राहत होती. कूलरमधून गळणारं पाणी ओंजळीत धरून तळव्यांना लावत होती. आतून टीव्हीचा आवाज येत होता, आणि आंटींच्या मुलांचं हसणं.

तुम्ही काय केलं असतं? धावत गेला असता ना? दार बडवलं असतं? रस्त्यावरची अनोळखी बाईसुद्धा गेली असती हो! मी काय केलं — मी झाडामागे सरकले. तिने मला बघू नये म्हणून. मग मार्केटमध्ये गेले, भेंडी घेतली — निवडून निवडून, कोवळी — आणि रोजची बस येते त्या वेळेला जाऊन आंटींची बेल वाजवली. हसत.

हसत! तो चेहरा आठवला की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मुक्ताने दारातच सांगितलं, "आई, आंटी मला बाहेर ठेवते. सच्ची. पाय जळतात." आंटींना मराठी येत नव्हतं, पण आपल्याबद्दल काहीतरी चाललंय एवढं कळलं. "क्या कह रही है?" त्यांनी विचारलं.

आता आमच्या घरातली एक रीत सांगते. शेजाऱ्यांशी मुलांचं काही बिनसलं की आधी आपल्या पोराला धरायचं. चूक समोरच्याची असली तरी. माझ्या आईने हेच केलं, तिच्या आईनेही. परक्या गावात तर जास्तच. दिल्लीतले आम्ही मराठी लोक या सभ्यपणाबद्दल काय मिरवतो! तीच रीत मी त्या दारात वापरली. मुक्ताच्या पाठीत धपाटा घातला आणि मुद्दाम हिंदीत म्हणाले, "झूठ बोलती है? चलो, आंटी को सॉरी बोलो."

ती बोलली. सॉरी.

"कोई बात नहीं जी, बच्ची है," आंटी म्हणाल्या. त्यांनी माफ केलं — माझ्या मुलीला! त्यांचा संताप येतो मला, अजूनही येतो. पण त्यांना निदान ती परकी होती. मला कोण होती?

पुढे दोन वर्षं मुक्ता तिथेच जात राहिली. पुन्हा कधी तक्रार केली नाही. ऑफिसात मी सांगायचे, आमची मुक्ता फार समंजस झाली आहे. मी हे अभिमानाने सांगायचे.

आता मुक्ता गुडगावला असते. तिचा मुलगा पाच वर्षांचा आहे. मागे एकदा त्याने दूध सिंकमध्ये ओतलं आणि प्यायलो म्हणून सांगितलं. मी तिथेच बसले होते. मुक्ता रागावली नाही. त्याला मांडीवर घेऊन म्हणाली, "मी पण लहानपणी खूप खोटं बोलायचे. एका आंटीबद्दल तर काय काय बनवून सांगितलं होतं. मग आजीने मला सुधारलं." आणि माझ्याकडे वळून, अगदी प्रेमाने, "हो ना गं, आई?"

तिला स्वतःचा खोटेपणा आठवतो आहे, जो कधी नव्हताच. ती खरं बोलली होती. मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मी "हो" म्हणाले.