सुलतानाच्या जुन्या फौजेची बाजू

मी सांभाळत असलेली जुनी कॉम्प्युटर सिस्टीम महिनाअखेर बंद होणार आणि तिच्याबरोबर मीही, असं मला इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या ऑफिसात सकाळी सांगण्यात आलं. मॅनेजर सभ्य माणूस. त्याने बिस्किटंही ठेवली होती. माझा व्हिसा याच नोकरीवर. ती संपली की साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर चंबूगबाळं आवरून पुण्याला. मुलीची ए-लेव्हलची, म्हणजे इथल्या बारावीची, परीक्षा त्या साठ दिवसांच्या पलीकडे होती.

बायको कामावरून येईपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं ठरवून घरी आलो. कन्या किचनमध्ये इतिहास पसरून बसली होती.

"बाबा, ऐक ना जरा. ऑटोमन एम्पायर. चुकले तर सांग."

जसं काही मला येतं! तरी बसलो. तिने घडाघडा सांगितलं. साम्राज्य लढाया हरत चाललेलं, म्हणून सुलतानाने सुधारणा काढल्या. पागोट्यांच्या जागी फेझ टोप्या, युरोपी धर्तीची फौज, परदेशी तज्ज्ञ. आमच्या ऑफिसातही आधी नवं कार्पेट आलं, मग कन्सल्टंट. जॅनिसरी, म्हणजे सुलतानाची शेकडो वर्षांची खास फौज, आडवी आली. त्याने त्यांच्या बराकींवरच तोफा डागल्या.

"वेल, दे हॅड टू गो," ती म्हणाली. "नवीन काही शिकायलाच तयार नव्हते."

"कोण म्हणतं?"

"टेक्स्टबुक."

"टेक्स्टबुक काय जॅनिसरींनी लिहिलंय? उचलली जीभ लावली टाळ्याला! अगं, इतकी वर्षं सगळं चालवलं कुणी? एक ट्रेनिंग तरी दिलं का त्यांना? रविवारी जेवताना फोन आला तरी ताटावरून कोण उठायचं? गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!"

माझा आवाज बराच चढला होता. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

"बाबा," ती म्हणाली, "जॅनिसरींना फोन?"

तिने हायलायटरला टोपण लावलं.

"तुझी नोकरी गेली का?"

मी हो म्हटलं. फार लाज वाटली. पोरीला आपण इथे आणलं, आणि आता ऐन परीक्षेच्या तोंडावर हे. ती आता परीक्षेचं विचारेल म्हणून मी उत्तर जुळवत होतो. तिने ते विचारलंच नाही.

"आईला मी सांगू का?" म्हणाली.