सत्कार झाला, गाणं राहिलं

टेक्ससमधल्या प्लेनो गावात आमच्या शेजारी एक म्हातारे कंट्री सिंगर राहतात. आम्ही त्यांना काका म्हणतो. कुंपणापलीकडचा माणूस काका नाही तर कोण? तरुणपणी ते बारमध्ये गायचे, मग रेकॉर्ड्स निघाल्या, मग सिनेमावाल्यांनी घोड्यावर बसवलं. वेस्टर्न सिनेमात ते कायम हिरोचे मित्र, म्हणजे गोळी खाऊन पडणारे. "गाण्यापेक्षा मला मरायचंच काम जास्त मिळालं," असं ते हसत सांगायचे. पुढे घोड्यांचे सिनेमे आटले, कंबर गेली. काका गावोगावच्या जत्रांत गायले, मग वृद्धाश्रमांत, मग कुणी बोलावेना.

परवाच्या मार्चमध्ये कुंपणाशी उभं राहून ते म्हणाले, "पुढच्या आठवड्यात घशाचं ऑपरेशन आहे. आवाज जाणार. त्याआधी एकदा माणसांसमोर गायचंय. एकच गाणं."

मी मराठी मंडळाच्या कमिटीत आहे. पहाटे भारतातल्या टीमशी मीटिंग, दिवसभर इथल्या मीटिंगा आणि वर हे मंडळ. जीव नुसता मेटाकुटीला येतो. तरी म्हटलं, पाडव्याच्या कार्यक्रमात काकांना गायला लावायचंच. पण कमिटीत नुसतं गाणं कुणाला पटेना. एवढा मोठा कलाकार, सत्कार नको?

बायको म्हणाली, "अरे, त्यांना गायचंय. शाल पांघरून बसायचं नाहीये."

"पद्धत असते काही," मी म्हणालो. काय अक्कल पाजळली!

शाळेचा हॉल पाचपर्यंतच मिळाला होता. आपला कार्यक्रम, उशीर ठरलेला. काका स्टेजवर आले तेव्हा सव्वाचार वाजून गेले होते. अध्यक्ष बोलले. माजी अध्यक्षही बोलले, नाहीतर रुसले असते. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, फोटो. मग एकाचे डोळे मिटले म्हणून परत फोटो. मग परिचय करून द्यायला मी.

मी चार पानं लिहून आणली होती. बारच्या किश्शाला टाळ्या पडल्या, मरण्याच्या किश्शाला हशा. मला चेव आला. घोड्यावरून पडून त्यांचं खांद्याचं हाड मोडलं, ते तर मी पडून दाखवलं. काका मांडीवर गिटार घेऊन आपलंच आयुष्य मराठीत ऐकत बसले होते. पहिल्या रांगेतून बायको घड्याळ दाखवत होती. मला दिसत होतं, हो, दिसत होतं. पण टाळ्या सोडवत नव्हत्या.

"आणि आता काका..." म्हणालो आणि माइक बंद पडला. पाच वाजले होते. शाळेचा माणूस किल्ल्या घेऊन दारात उभा.

काका बिनमाइकचेच उभे राहिले. त्यांचे ओठ हलताना दिसले. पण तोवर लोक खुर्च्या सरकवत, डबे शोधत, पोरांना हाका मारत उठले होते. दोन हातांवर असूनही मला एक ओळ धड ऐकू आली नाही. काकांनी हळूच गिटार पेटीत ठेवली.

गाडीत मी सॉरी म्हणालो. ते म्हणाले, "तू छान बोललास. लोक किती हसत होते!" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं वाटलं असतं. मला माझीच लाज वाटत होती.

ऑपरेशननंतर महिन्याभराने मऊ भात घेऊन गेलो. काका आता वहीत लिहून बोलतात. वरातीमागून घोडं, पण विचारलं, "काका, त्या दिवशी कुठलं गाणं म्हणणार होता?" त्यांचं सगळं आयुष्य मी लोकांना सांगितलं होतं, पण एवढं विचारलं नव्हतं.

त्यांनी लिहिलं, "नवीन होतं. तुमच्यासाठी केलं होतं."

"रेकॉर्ड केलंय कुठे?"

त्यांनी मानेनेच नाही म्हटलं आणि भाताचा डबा उघडला.