वीतभर उजेड

बॅटरी विकणाऱ्याला बॅटरीबद्दल एकच गोष्ट माहीत असते: तिचा उजेड किती लांब जातो. तुम्ही दुकानात गेलात की तो काउंटरमागून बाहेर येतो, रस्त्यापलीकडच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर झोत मारतो आणि तुमच्याकडे अशा ऐटीत बघतो की ती इमारत जणू त्यानंच बांधलीय. मला वीतभर उजेड हवा होता. त्या पावसाळ्यात मी हे इतक्या दुकानदारांना सांगितलं, की शेवटी शेवटी साधं बोलतानाही माझा सूर भांडणाचा लागायला लागला.

माझं काम केळीच्या बागा तपासण्याचं. फैजपूरपासून मुक्ताईनगरपर्यंतच्या पट्ट्यात, परदेशात माल पाठवणाऱ्या एका व्यापाऱ्यासाठी मी बागा बघत हिंडतो. पावसाळ्यात ढग एकदा बसले की हटता हटत नाहीत, आणि तेव्हाच कोवळ्या केळीवर हरण्या येतो. हरण्या हा विषाणूचा रोग. मावा तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतो. त्याला औषध नाही. आधी पानावर फिक्या, पिवळट, तुटक रेघा उमटतात. मग पोंगा सडतो, म्हणजे मधलं गुंडाळलेलं कोवळं पान. रेघा दिसल्याबरोबर झाड मुळासकट उपटून लांब नेऊन गाडलं, तर बाकीची बाग हाती लागते. रेघा सगळीकडे असल्या, तर सगळी बाग उपटायची.

या रेघा सुरुवातीला वरून दिसत नाहीत. पानाच्या मागून उजेड आला तरच दिसतात. ऊन असलं तर प्रश्नच नाही, पण ऊन असतं तर हरण्या आलाच नसता. म्हणून बॅटरी लागते. एका हातात पान, दुसऱ्या हातात ती. खिशात मावेल एवढी, ओल्या हातातून निसटणार नाही अशी, आणि मुख्य म्हणजे खोटं न बोलणारी. निळसर उजेडाची असेल तर रेघा धुऊन टाकते, आजारी पान निरोगी दिसतं. पिवळ्या उजेडाची असेल तर निरोगी पानही कावीळ झाल्यागत दिसतं. माझ्याकडे एक जुनी होती, तिच्यावर माझा डोळे मिटून विश्वास होता. त्या पावसाळ्यात तिच्यात पाणी शिरलं आणि ती गेली. घरच्यांनी विचारलं, सुतक पाळणार आहात का? मी हसलो नाही.

नेमका तेव्हाच अक्काचा फोन आला.

अक्का माझी थोरली बहीण. तिचं शेत मुक्ताईनगरच्या अलीकडे, नदीच्या अंगाला. मेहुणे वरणगावला नोकरीला, त्यामुळे शेतात राबते ती, पण काय पेरायचं ते ठरवतात मेहुणे. त्यांच्या घरात कायम कापूस. त्या वर्षी अक्कानं पहिल्यांदाच हट्ट धरला आणि नदीकडच्या तुकड्यात केळी लावली. मेहुणे म्हणाले, "लाव. पण फसलं तर पुन्हा शेतीतलं मला काही सांगायचं नाही." म्हणाले हसत हसत. मी त्यांना ओळखून आहे, ते हसत बोलतात तेच त्यांच्या मनात असतं.

"भाऊ, पानायवर काहीतरी दिसून रायलं," अक्का फोनवर म्हणाली. "तू येऊन पाय."

मी गेलो. आभाळ इतकं खाली आलेलं, की भरदुपारी बागेत संध्याकाळ झाल्यासारखं वाटत होतं. मी मोबाईलचा उजेड लावला. विहिरीजवळच्या काही झाडांवर रेघा इतक्या ठळक होत्या की आंधळ्यालाही दिसल्या असत्या. मी बोट करून अक्काच्या सालदाराला, वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याला, म्हणालो, हे झाड. अक्कानं माझा हात खाली ओढला.

"बोट नको दाखवू तिले. उजेडानं दाखव."

आमच्याकडे कोवळ्या फळाला, वेलीला सरळ बोट दाखवत नाहीत. दाखवलं की ते सडतं म्हणतात. दाखवायचंच झालं तर बोट वाकवायचं. अक्का त्याही पुढची. तिच्या बागेत वाकडं बोटसुद्धा चालत नसे. ती स्वतः एखादं झाड दाखवायची तर हनुवटीनं. मग मी उजेडानं दाखवत गेलो, आणि मागून सालदार घमेल्यातला चुना मूठभर बुंध्याशी टाकत आला. चुना पडला ते झाड उपटायचं.

विहिरीजवळची झाडं झाली, पण त्यापुढे मी अडकलो. मोबाईलच्या त्या निळ्या-पांढऱ्या उजेडात प्रत्येक पान सारखंच दिसायला लागलं. एका झाडाशी मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. लोकांच्या बागेत मी असा उभा राहत नाही. हो किंवा नाही सांगतो आणि पुढे सरकतो, त्यासाठी मी थोडा बदनामही आहे. अक्काच्या बागेत माझी जीभ उचलेना. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो.

"मला नीट बॅटरी मिळू दे," मी म्हणालो. "तोवर एकाही झाडाला हात लावू नको."

दुकानात बॅटरी पारखायची तर पान हवं. विहिरीजवळच्या झाडाचा एक तुकडा मी कापून पिशवीत घातला आणि पिशवीचं तोंड घट्ट बांधलं. निरोगी पान अक्कानं स्वतः दिलं. पार पलीकडच्या कोपऱ्यात, निंबाखाली, तिचं सगळ्यात जोमदार झाड होतं. कापताना ती झाडाशी काहीतरी पुटपुटली.

"हे निरोगी हाये," ती म्हणाली. "बठ्ठी बाग अशी झाली पाह्यजे, भाऊ. एकूण एक झाड."

दुसऱ्या दिवशी मला कामासाठी धुळ्याला जायचंच होतं. पानं बरोबर घेतली. काम उरकून बाजारात शिरलो, तर पहिल्याच दुकानदारानं झोत मारला तो थेट चौकापलीकडच्या झाडावर. तिथले कावळे उडाले.

"हाई घ्या भाऊ. बठ्ठा हाईच लई जातस," तो म्हणाला, म्हणजे सगळे हीच नेतात.

मी पिशवीतून केळीचं पान काढलं आणि त्यामागे ती बॅटरी धरली. गिऱ्हाइकं जवळ आली. एकानं विचारलं, जेवायला बसणार आहात का? मधे भगभगीत पांढरा गोळा, बाजूला काळं कडं, आणि पानाचा पत्ता नाही. दुसरी पाहिली. तिसरी पाहिली. एक बरी होती, पण ती माझ्या मनगटाएवढी जाड. एक पोलिसांना आवडेल अशी होती, तिनं म्हणे माणूसही पाडता येतो. मला कुणाला पाडायचं नव्हतं. संध्याकाळची बस पकडून मी हात हलवत परतलो, आणि वाटेत अक्काचा फोन येऊन गेला. मी उचलला नाही. तिला काय सांगणार होतो?

सकाळी पुन्हा बागेच्या बांधावर गेलो. कालची पानं मलूल झाली होती, म्हणून ताजी घेतली. आजारी मी कापलं, निरोगी पुन्हा अक्कानं, त्याच निंबाखालच्या झाडाचं. तिनं फक्त एवढंच विचारलं, आज मिळीन ना? मी हो म्हणालो आणि जळगावची बस धरली.

जळगावात मी विजेच्या सामानाची दुकानं पालथी घातली, मग मोबाईलवाल्यांची, मग सायकलवाल्यांची. मला आता कशाचाच भरवसा वाटेना. आपण खुळे झालोय का, असंही मनात येऊन गेलं. ढगाळ हवेतला एकेक दिवस म्हणजे मावा एकेक ओळ पुढे सरकणार, आणि मी इथं बाजारात पानं फडकवत फिरतोय. एका चहाच्या टपरीवर मी नुसताच बसून राहिलो. टपरीवाल्यानं पानाकडे बघून काय प्रकार आहे ते विचारलं. मी रंगाचं सांगितलं, तसा तो म्हणाला, "मग सराफाकडं जा की. सोन्याचा रंग बघायला त्यांना लागतंच ना काहीतरी."

सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत, सोनारांना भिंगं, चिमटे, काटे विकणारं एक अरुंद दुकान सापडलं. मी मागणी सांगितली. दुकानदारानं किती लांब जाते ते सांगितलंच नाही. करंगळीपेक्षा थोडी जाड, बोटभर लांबीची एक बॅटरी काचेवर ठेवली आणि म्हणाला, हिच्यात रंग जसा आहे तसा दिसतो.

मी आजारी पानामागे ती धरली. हिरवा रंग हिरवा, आणि त्यात एकेक पिवळट तुटक रेघ, कुणी सुईनं ओढल्यासारखी. मधे गोळा नाही, बाजूला कडं नाही. ओल्या हातात निसटत नव्हती, खिशाला अडकवायला क्लिपही होती. मला इतका आनंद झाला की त्या अनोळखी माणसाला मिठी मारावीशी वाटली. आता खात्रीसाठी निरोगी पान बघायचं, म्हणजे झालं.

मी निंबाखालचं पान काढलं आणि मागे उजेड धरला.

रेघा होत्या.

बारीक, फिक्या, पण होत्या. मी पान पुसलं. बॅटरीची काच शर्टानं पुसली. पान उलटं धरलं. पिशव्या अदलाबदल झाल्या असतील म्हणून पिशव्या पाहिल्या, पण तुकडे वेगळे ओळखू येत होते. शेवटी दुकानदारापुढे धरलं आणि विचारलं, तुम्हाला काय दिसतं?

"रेघा आहेत," तो म्हणाला. "पिवळट."

"दुसरी आहे का?" मी विचारलं.

"दुसरी कसली हवी?"

मला काय हवं होतं, ते मला पक्कं माहीत होतं. मला अशी बॅटरी हवी होती, की जिच्यात हे पान निरोगी दिसेल. धुळ्यापासून इथपर्यंत मी ज्या ज्या बॅटऱ्यांना खोटारड्या म्हणत आलो, त्यांतली कुठलीही मी त्या क्षणी आनंदानं घेतली असती. दुकानदार वाट बघत होता. मी म्हणालो, हीच द्या.

बसमध्ये मी स्वतःची समजूत घालत होतो. कापलेलं पान आहे, पिशवीत गरम झालं असेल, गरमीनं पिवळं पडलं असेल. झाडावर बघितल्याशिवाय काही खरं नाही. तपासणीवाल्याच्या तोंडी शोभणार नाही असं सगळं मी स्वतःला सांगितलं. मुक्ताईचंही नाव घेतलं.

अक्का बांधावर उभीच होती, आणि सालदार चुन्याचं घमेलं घेऊन तिच्या मागे. मी विहिरीकडे न जाता सरळ निंबाखाली गेलो. तिच्या त्या जोमदार झाडाचं पान हातात घेतलं, मागे उजेड धरला. झाडावरचं, जितं, ताजं पान. त्यावरही त्याच रेघा. शेजारचं पाहिलं. त्याच्या पुढचं. मग पुढची ओळ, मग मधली ओळ. सालदार प्रत्येक बुंध्याशी चुना टाकत आला. काही वेळानं मागून चुना पडल्याचा आवाज येईना, म्हणून मी वळून बघितलं. त्यानं घमेलं खाली ठेवलं होतं. माझ्याकडे न बघता तो पायानं चिखल सारखा करत होता.

मी बॅटरी बंद केली. रोज मी लोकांना "बाग काढा" म्हणून सांगतो आणि संध्याकाळी घरी जाऊन जेवतो. अक्काला ते दोन शब्द मला सांगता आले नाहीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पाहिलं.

"आन इकडं," ती म्हणाली.

तिनं बॅटरी माझ्या हातातून घेतली. निंबाखालच्या झाडाशी परत गेली, पान डाव्या हातावर घेतलं, मागे उजेड धरला आणि पोथी वाचावी तसं खालपासून वरपर्यंत सगळं पान पाहिलं. घाई केली नाही. मग बॅटरी बंद करून माझ्या खिशात ठेवली.

"मेहुण्यांना मी सांगू का?" मी विचारलं.

"नाही. मीच सांगीन."

मग ती सालदाराकडे वळली. तो काय करायचं ते ऐकायला उभा होता.

"हे काढ," ती म्हणाली. "हे बी. हे बी. तिकडलंबी बठ्ठं."

सालदार झाडांकडे बघत नव्हता. तो तिच्या हाताकडे बघत होता. तिनं बोट सरळ धरलं होतं.